लॉगिनवैद्य

प्रत्येक सोसायटीत एक अप्पा असतात. निवृत्त, चष्मा कपाळावर, आणि कुणाचं लॉगिन अडलंय असं कानावर आलं की हातातला चहा तसाच ठेवून जिना चढणारे. लिफ्टची वाट बघण्याइतका धीर नसतो.

आल्या आल्या ते फोनला हात लावत नाहीत. आधी नाडीपरीक्षा. "काल उघडत होतं ना? मग रात्री काय केलंत?" भलाभला माणूस यावर आरोपीसारखा गप्प होतो. "वहिनी, पासवर्ड मला सांगू नका, नुसता टाका," म्हणत अप्पा सभ्यपणे भिंतीकडे तोंड करतात. वहिनी मात्र एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाकतात. 'गणपती, ॲट, एक, दोन, तीन' खालच्या वॉचमनलाही पाठ आहे.

असल्या पासवर्डांबद्दल अप्पांचा राग बिल बर नावाच्या अमेरिकन गृहस्थावर. मोठी अक्षरं, आकडे, चिन्हं घाला आणि पासवर्ड वरचेवर बदला, हे त्यानं 2003 साली तिथल्या सरकारी नियमावलीत लिहिलं. 2017 साली, निवृत्तीनंतर, आपल्याला त्याचा पस्तावा होतो असं सांगून मोकळा झाला. "पेन्शन घेऊन पस्तावा करायला काय जातंय!" इति अप्पा, स्वतः पेन्शनर.

थट्टा सोडा, माणसाला विद्या आहे. फोनचा कीबोर्ड ईमेल स्वतःच पुरा करतो आणि शेवटी गुपचूप एक स्पेस सोडतो. आपल्याला ती दिसत नाही, काही साइट्सना मात्र चालत नाही. अप्पा तिथे बोट टेकवतात, एकदाच खोडतात, दार उघडतं. कुकीज बंद असल्या तर आत घेतलेला माणूस पुढच्याच पानावर पुन्हा उंबऱ्याबाहेर, हेही त्यांनीच सांगावं. अडतात फक्त 'सिग्नल असलेले चौकोन निवडा' इथे. सिग्नलचा खांब धरायचा की नाही, यावर त्यांचं आणि काकांचं वाजलेलं आहे.

परवा काकूंचं खातं एकदाचं उघडलं. काकू हात जोडणार, तेवढ्यात अप्पा म्हणाले, "थांबा, बाहेर पडून परत आत जाऊन बघू. पक्कं झालेलं बरं." बाहेर पडले. आता ओटीपी मागायला लागलं. नोंदवलेला नंबर मुलाचा, मुलगा न्यू जर्सीला. इथे दुपारचे बारा, तिथे रात्रीचे अडीच.

अप्पांनी खुर्ची पुढे ओढली.

"उठवा त्याला."