चीनवर परिषद कशी भरवावी: नवशिक्यांसाठी

अमेरिकेतल्या बऱ्याच मोठ्या विद्यापीठांत वसंत ऋतू आला की चीनवरची परिषद भरते, आणि ती भरवतात विद्यार्थी. हार्वर्डची पोरं १९९७ पासून हा उद्योग करत आहेत, त्यामुळे 'आम्हीच पहिले' म्हणायची सोय उरलेली नाही. तरीही घाबरू नका.

आधी पदं वाटून घ्या, विषय नंतर. वीस वर्षांच्या पोराला उपाध्यक्ष केलं की तो रात्री दोनला ईमेल पाठवतो. स्वयंसेवक केलं तर रविवारी उगवतही नाही. तेव्हा उपाध्यक्ष भरपूर नेमा. 

विषय असा ठेवा की कुठलाही वक्ता त्यात मावेल: 'बदलता चीन, बदलतं जग'. 'हुकौ', म्हणजे चीनमधली घरनोंदणी, असं काही नेमकं ठेवलंत की पंचाईत झाली. १९५८ पासून चिनी माणसाची सरकारी नोंद घराण्याच्या गावाला बांधलेली आहे. शेन्झेनच्या कारखान्यात उमेद खर्ची घातलेल्या बाईच्या मुलाला तिथल्या सरकारी शाळेत जागा मिळेलच, असं नाही. यावर बोलायला खरं तर तीच बाई हवी, पण तिला व्हिसा कोण देणार? तिच्याऐवजी त्या कारखान्यात पैसे गुंतवलेले गृहस्थ बोलवा. ते स्वखर्चाने येतात.

उद्घाटनाचं भाषण १९७८ च्या आर्थिक सुधारणांपासून सुरू होईल, त्याला इलाज नाही. त्यातली आन्हुई प्रांतातल्या शियाओगांग गावची गोष्ट मात्र मन लावून ऐका. अठरा शेतकऱ्यांनी सामूहिक शेती गुपचूप घराघरांत वाटून घेतली आणि कागदावर अंगठे उठवले. कुणाला तुरुंगात जावं लागलं तर त्याची पोरं अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची, असंही त्यात होतं. दिवसभरातल्या सगळ्या स्लाइड्समध्ये माणसं दिसतील ती एवढीच. पुढे शेन्झेन, सुधारणांचे प्रणेते डेंग शियाओपिंग यांचा १९९२ चा दक्षिण दौरा, २००१ साली जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश, आणि चाळीस वर्षांत जवळपास ८० कोटी लोक गरिबीबाहेर. हा जागतिक बँकेचा आकडा. टाळ्या इथे वाजवायच्या. 'दगड चाचपत नदी ओलांडा' हे वाक्य वक्ता डेंग यांच्या नावावर खपवेल. ते त्यांचे सहकारी चेन युन यांचं. दुरुस्त करायला जाऊ नका, पुढच्या वर्षीही प्रायोजक लागणार आहेत.

बॉस्टनमध्ये सकाळचे नऊ म्हणजे बीजिंगमध्ये रात्रीचे नऊ. ऑनलाइन वक्त्याला तुम्ही दुपारी दोनला उभं केलंत, तर तो पहाटे दोनला वरून कोट-टाय आणि खालून पायजमा अशा बेतात बोलेल, आणि सुधारणांविषयीचा त्याचा उत्साह त्या मानानेच असेल.

जेवणाच्या डब्यांवर खर्च वाचवा, गरम पाण्यावर नको. बर्फ घातलेल्या पाण्याचे जग मांडून ठेवलेत की ज्येष्ठ चिनी प्राध्यापक थर्मासचं झाकण उघडतील, तळाशी बसलेल्या चहाच्या पानांकडे बघतील आणि किटलीच्या शोधात निघतील. परिसंवाद तोवर थांबतो.

चीनचे राजदूत येणार असतील तर सुरक्षेचं विद्यापीठाशी आधीच बोलून ठेवा. २०२४ च्या एप्रिलमध्ये हार्वर्डला राजदूत शिए फंग बोलत असताना सभागृहात घोषणा झाल्या, आणि निदर्शक मुलीला बाहेर ओढून नेणारा दुसरा एक विद्यार्थीच निघाला. त्यानंतर भाषणाची कमी आणि त्याचीच जास्त चर्चा झाली.

समितीत एक भारतीय लागतो, बहुधा ते तुम्हीच. 'भारत विरुद्ध चीन' हा परिसंवाद तुमच्या गळ्यात पडेल. जेवणाच्या सुट्टीत एखादे वयस्कर चिनी गृहस्थ गाठून डॉ. कोटणीसांचं नाव काढतील. १९३८ मध्ये जखमींवर उपचार करायला चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. डॉक्टरांच्या गावचे, म्हणजे सोलापूरचे, असाल तर खुशाल सांगा. त्या दिवसातली तुमची सर्वांत खरी ओळख तीच ठरेल.

आता अवघड सत्र: तरुणांचा रोजगार. जून २०२३ मध्ये शहरांतल्या १६ ते २४ वयोगटातली बेकारी २१.३ टक्क्यांवर गेली. मग सरकारने आकडा छापणंच थांबवलं, आणि डिसेंबरचा छापला तेव्हा विद्यार्थी वगळून: १४.९. आकडा पटला नाही की मोजमाप बदलावं, ही युक्ती तुम्हाला उपस्थिती मोजताना उपयोगी पडेल. हे सत्र रविवारी संध्याकाळी साडेचारला ठेवा. त्याच वेळी खालच्या मजल्यावर नोकरी मेळावा असतो, म्हणून वर गर्दी होत नाही. खाली मात्र रांग जिन्यापर्यंत येते: इस्त्रीचे सूट, हातात रेझ्युमे, आणि बहुतेकजण घरातलं एकुलतं एक अपत्य. 'एक मूल' धोरणावरचं सत्र सकाळीच उरकलेलं असतं. त्यात यांच्यापैकी कुणालाही बोलायला बोलावलेलं नव्हतं.

वरचं सत्र वेळेत संपवा. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीच्या फाइलमध्येही रेझ्युमेच्या प्रती आहेत, आणि मेळाव्यातले स्टॉल साडेपाचला आवरतात.