पूलवाले आप्पा

साक्रीत ‘पूल’ म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे आधी कान नदीवरचा पूल येतो. त्यामुळे सुट्टीत गल्लीतली पोरं गोळा करून आप्पा ‘यांना पूल शिकवतो’ म्हणाले, तेव्हा एका आजीने नातवाला ‘पाण्यात उतरू नको’ एवढंच बजावलं.

आप्पा तीन वर्षं सुरतेला होते. तिथे ते पूल नावाचा टेबलावरचा खेळ खेळले की नुसता पाहिला, यावर गल्लीत दोन मतं आहेत. पण शिकवायला खेळता यावं लागतं, हे आप्पांना मुळात मान्यच नाही. जावयाला गाडी मागे घ्यायला आणि शेजाऱ्याला कांदाचाळ भरायला तेच शिकवतात. त्यांचा स्वतःचा कांदा दरवर्षी सडतो, ते सोडा.

टेबल तासाच्या भाड्याने मिळतं आणि चालू मीटर आप्पांना बघवत नाही. म्हणून पहिले तीन दिवस शाळा ओट्यावर भरली. टेबल म्हणून खाट, काठी म्हणून झाडूचा दांडा. डावा पंजा टेकवायचा, अंगठा पहिल्या बोटाला चिकटवून वर उचलायचा आणि त्या खाचेतून दांडा सरकवायचा. ‘हाऊ तुमना पूल! पूल हालना, का गाडी नदीमा!’ हनुवटी दांड्याजवळ, खांदा गप्प, हलायचा तो फक्त कोपरापासून पुढचा हात. टोकाला खडू लावायचा, नाहीतर काठी बॉलवरून निसटते. खोटं कशाला बोला, शिकवणी पक्की होती.

चौथ्या दिवशी वरात महामार्गालगतच्या गाळ्यात पोचली. सात बॉल एकरंगी, सात पट्ट्यांचे, एक काळा आणि काठीने मारायचा तो पांढरा. ‘तुझे सात कांदे, त्याचे सात बटाटे,’ आप्पा म्हणाले, ‘काळ्याला पंगत उठल्यावरच हात लावायचा.’ मग पूलच्या भावंडांचा, बिलियर्ड्स-स्नूकरचा इतिहास. विल्सन जोन्स आपल्या पुण्यात जन्मले, 1958 साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. बिलियर्ड्स-स्नूकरवाला पंकज अडवाणीही जन्माने पुण्याचाच. आणि स्नूकर 1875 साली जबलपूरच्या गोऱ्या पलटणीत निघालं म्हणतात. मीटर चालू आहे, हे आप्पांना फक्त इतिहास सांगताना आठवत नाही.

शेवटी नेम. जो बॉल भोकात घालायचा, त्याच्या मागे, भोकाच्या सरळ रेषेत, एक न दिसणारा बॉल चिकटून बसलाय असं धरायचं आणि पांढरा बरोबर त्याच्या जागी नेऊन बसवायचा. ‘याला भुताचा बॉल म्हणतात.’ भूत म्हटल्यावर पोरांनी प्रथमच कान टवकारले. सगळ्यात धाकटी स्टुलावर चढली, एक डोळा मिटून भूत शोधलं आणि पट्ट्याचा बॉल कोपऱ्यात घातला.

‘पाय चुकला,’ आप्पा म्हणाले.

तास संपायला सात मिनिटं होती. भाडं वाया जाऊ नये म्हणून आप्पांनी स्वतः काठी घेतली, खडू लावला, टोकावर फुंकर मारली, पुन्हा लावला. काळा थेट भोकाच्या तोंडाशी होता. त्यांनी दणका दिला. काळा आत गेला आणि पाठोपाठ पांढराही. म्हणजे डाव हरला.

पोरं गप्प. मग स्टुलावरून धाकटी म्हणाली, ‘आप्पा, भूतबी गयं का मझार?’