निरोपाचा खलिता

ब्रिटिश राजदूताने नोकरीभर गोड बोलावं आणि शेवटच्या दिवशी खरं, अशी तिकडची जुनी वहिवाट. देश सोडताना साहेब लंडनला निरोपाचा खलिता धाडत. निवृत्त होणाऱ्याची तर पेन्शन पक्की, सीआर बिघडायची धास्ती संपलेली. मग लेखणी सुसाट सुटे. १९८४ मध्ये ओटावा सोडताना लॉर्ड मोरान यांनी लिहिलं, की कॅनडात जेमतेम बरं काम करणाऱ्यालाही लोक डोक्यावर घेतात. निरोपाच्या मेजवानीत यजमानांना ते काय म्हणाले असतील, ते सांगायला नको.

सर निकोलस हेंडरसन यांनी तर १९७९ मध्ये पॅरिसहून निघताना स्वतःच्याच देशाची लक्तरं वेशीवर टांगली: फ्रान्स-जर्मनी कुठल्या कुठे गेले, आपण मात्र मागे पडलो. खलिता फुटला, 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये छापून आला. पण खडे आधीच्या सरकारांच्या नावाने फोडलेले, आणि गादीवर आता थॅचरबाई. साहेबांच्या केसालाही धक्का लागला नाही; घरी बसायच्या वयात त्याच वर्षी ते वॉशिंग्टनला राजदूत झाले.

क्रेग मरे यांना मात्र निवृत्तीपर्यंत दम निघाला नाही. उझबेकिस्तानातल्या तुरुंगांत छळ होतो, हे त्यांनी २००२ मध्ये ताश्कंदमध्येच जाहीर भाषणात सांगितलं. उझबेक सरकार तेव्हा दोस्त होतं. मग परराष्ट्र खात्याने मरे यांच्यावरच अठरा आरोप ठेवले. एकही टिकला नाही. ठपका आला तो आरोपांविषयी बाहेर बोलल्याचा! २००४ मध्ये पदही गेलं.

२००६ मध्ये सर आयव्हर रॉबर्ट्स यांनी रोमहून निघताना खात्यातल्या मॅनेजमेंटछाप भाषेची खिल्ली उडवली, आणि खात्याने खलित्यांची प्रथाच गुंडाळली. परदेशांची टिंगल इतकी वर्षं चालली होती, हे विशेष.

राहता राहिली गुप्त तार. सर किम डॅरॉक यांनी वॉशिंग्टनहून कळवलं, की ट्रम्प यांचं प्रशासन कुचकामी आहे. म्हणजे नेमून दिलेलं काम केलं. जुलै २०१९ मध्ये ते वृत्तपत्रात फुटलं. ट्रम्प यांनी त्यांना ट्विटरवर मूर्ख ठरवलं. पंतप्रधानपदाकडे डोळे लावून बसलेले बोरिस जॉन्सन टीव्हीवरच्या वादचर्चेत त्यांची पाठराखण करायची सोडून इकडचं तिकडचं बोलत राहिले. दुसऱ्याच दिवशी साहेबांचा राजीनामा. वर्ष सरायच्या आत त्यांना लॉर्ड करून वरिष्ठ सभागृहात बसवलं. तिथे मन मोकळं करायला हरकत नाही. भाषण फोडावं लागत नाही, संसदच छापते. वाचत कुणी नाही.