टी अधिक पाच

नानांना अडकलेले पैसे लवकर परत मिळालेले आवडत नाहीत. पाच दिवसांच्या आत आले तर ते दिवसभर गप्प असतात, आणि काकू दारातूनच आम्हाला खुणेनं सांगतात, "आज विषय काढू नका. रिफंड आलाय."

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. पाणी कुठे मुरतं हे त्यांना नोकरीभर ठाऊक होतं, फक्त बोलायची सोय नव्हती. बँकेत पैसे कुठे मुरतात यावर मात्र ते आता मोकळेपणानं बोलतात. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत कुणाचंही कार्ड अडलं की तो माणूस आधी नानांकडे येतो, मग बँकेत जातो.

दार उघडताच नाना विचारतात, "स्लिप आली का?" या-बसा नाही, पाणी नाही. सगळा खटला या एका प्रश्नावर उभा असतो. मशीनवर 'डिक्लाइन्ड' आलं, पैसे दिल्याची स्लिप निघाली नाही, पण खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला, तर तो फसलेला व्यवहार. ते पैसे बँकेनं आपणहून परत करायचे. दोन स्लिपा निघाल्या, म्हणजे दुकानदारानं दोनदा पैसे घेतले, तर ती वेगळी भानगड. आधी दुकानदाराला गाठा, तो दाद देत नसेल तर बँकेत अर्ज करा आणि धीर धरा. दोन स्लिपावाल्यांना नाना चहा पाजतात, हळहळतातही, पण त्यांच्या कामात जीव ओतत नाहीत. त्यात दिवसाचे शंभर नसतात.

हे शंभर रुपये रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकातले. ही तारीख नाना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा चटकन सांगतात, आणि काकूंनी ते एकदा चारचौघांत सिद्धही करून दाखवलंय. दुकानात कार्डाचा व्यवहार फसला आणि पैसे कापले गेले, तर पाच दिवसांत ते खात्यात परत यायला हवेत. उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. एटीएमनं नोटा दिल्या नाहीत आणि पैसे कापले, तरी हाच हिशेब. व्यवहाराचा दिवस म्हणजे 'टी', आणि पुढचे दिवस कॅलेंडरचे. रविवार आणि दिवाळी वगळायची नाही. भरपाई ग्राहकानं न मागता द्यायची, असंही त्यात आहे. नानांच्या प्रतीत या ओळीखाली तांबड्या पेन्सिलीच्या इतक्या रेघा आहेत की कागद फाटायला आलाय.

"पण नाना, पैसे दुकानदाराकडे नाहीत, माझ्याकडेही नाहीत. गेले कुठे?" चौथ्या मजल्यावरच्या पोरानं विचारलं.

"मुलीकडच्यांनी होकाराचं पत्र टाकलं, ते टपालात गहाळ झालं. मुलाकडचे समजले, नकार. इकडे मुलीच्या बापानं हॉलचे पैसे भरलेत."

म्हणजे आपल्या बँकेनं पैसे कापून होकार धाडला, तो मशीनपर्यंत वेळेत आला नाही, आणि मशीननं वाट पाहून नकार दाखवला. पुढे बँका हिशेब जुळवायला बसतात, तेव्हा ही चूक सापडायला हवी. बहुतेक वेळा सापडतेही, आणि नानांची पंचाईत होते.

गेल्या श्रावणात मात्र नानांचं नशीब उघडलं. औषधाच्या दुकानात त्यांचे स्वतःचेच ८४० रुपये गेले आणि मशीननं हात वर केले. नानांनी दुसऱ्यांदा कार्ड दिलं, औषधं घेतली आणि जवळजवळ धावतच घरी आले. हेल्पलाइनवरच्या मुलीनं सांगितलं, "सर, होऊन जाईल." नाना म्हणाले, "हे लेखी द्या." फोन कटला.

शाखेतल्या काउंटरवरचा तरुण म्हणाला, "अंकल, मेल टाका ना." मेल टाकलेला होताच, पण मेलवर शिक्का मारून मिळत नाही. नाना दोन प्रती घेऊन गेले होते. एक बँकेला, दुसरीवर आवक क्रमांक आणि पोच. अर्ज 'उपरोक्त विषयास अनुसरून' सुरू होत होता आणि 'केलेल्या कार्यवाहीची माहिती या कार्यालयास कळवावी' इथे संपत होता. 'हे कार्यालय' म्हणजे सी विंग, खोली नंबर १२.

सहाव्या दिवशी पहाटे त्यांनी काकूंना हलवून उठवलं. "सुरू झालं." मग रोज सकाळी ते धडधडत्या छातीनं पासबुक भरून आणायचे, आणि पैसे आले नसल्याची खात्री झाली की येताना जिलबी आणायचे. टी अधिक ११ ला ८४० रुपये जमा झाले. नुसते ८४०.

"आले ना नाना पैसे?" शाखेचे साहेब म्हणाले.

"मुद्दल आलं."

साहेबांनी चहा मागवला. नानांनी कपाला हात लावला नाही. प्रकरण प्रलंबित असताना समोरच्या पक्षाचा चहा घ्यायचा नाही, हा त्यांच्या खात्यातला नियम, जो खात्यात कुणीही कधी पाळला नाही. सहा दिवसांचे ६०० रुपये मागणाऱ्या 'स्मरणपत्र क्र. १'च्या शेवटच्या परिच्छेदात त्यांनी आवाज न चढवता एवढंच लिहिलं, की ३० दिवसांत बँकेचं उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते आणि तिला फी लागत नाही.

६०० रुपये आले. काकूंनी रिक्षा, झेरॉक्स आणि जिलबी यांचा हिशेब मांडायला घेतला, तेव्हा नाना फिरायला निघून गेले.

विंगमधले लोक नानांना हसतात. मीही हसतो. पण न मागता द्यायची ही भरपाई आमच्या विंगमध्ये आजवर ज्यांना ज्यांना मिळाली, त्यांचे अर्ज नानांच्या अक्षरात आहेत. बाकीच्यांनी "आले बाबा एकदाचे" म्हणून हात जोडले आणि शंभराच्या नोटा बँकेकडेच राहिल्या.

तेव्हा तुमचे पैसे असे अडकलेच, तर कापल्याचा मेसेज पुसू नका. दुसऱ्यांदा पैसे दिल्याच्या स्लिपवरची छपाई काही महिन्यांत उडून जाते, म्हणून तिची झेरॉक्स आधी काढा. आणि नानांकडे येताना अर्जाच्या दोन प्रती आणा.