एकसष्टावा पत्ता

चांगले पत्ते एकत्र केले की चांगला डेक होतो, या समजुतीवर एक अख्खा धंदा तीस वर्षांहून अधिक काळ उभा आहे. रिचर्ड गारफिल्ड या गणिताच्या प्राध्यापकाने बेतलेला 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने १९९३ साली अमेरिकेत बाजारात आणला, तेव्हापासून. रमी किंवा बदामसातमध्ये कॅट सगळ्यांचा एकच असतो, त्यामुळे हरल्यावर वाटणाऱ्याच्या नावाने बोटं मोडता येतात. इथे ती सोय नाही. प्रत्येकाने आपापला कॅट, म्हणजे डेक, घरून बांधून आणायचा. पंचवीस हजारांहून जास्त निरनिराळ्या पत्त्यांतून किमान ६० निवडायचे, एका नावाचे सहसा चारापेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, आणि तेवढ्यांच्या जोरावर समोरच्याचे २० प्राण संपवायचे. स्पर्धेत टिकणारा डेक हा निवडण्यापेक्षा नाकारण्यातून तयार होतो, असं माझं मत आहे. आणि नाकारणं हे काम आपल्या स्वभावात बसत नसल्यामुळेच बहुतेकांचे डेक हरतात.

नवशिक्याचा पहिला डेक म्हणजे रुखवत. सगळ्यांनी बघावं, माना डोलवाव्यात, आणि भूक लागली तर हात मात्र लावू नये. त्यात शिवन ड्रॅगन मधोमध मांडलेला असतो, शेजारी तेवढाच अवाढव्य समुद्रसर्प, पलीकडे पंख पसरलेली एखादी देवदूत. अडचण एवढीच की हा ड्रॅगन सहा मॅना मोजल्याशिवाय हातातून उतरत नाही. मॅना हा या खेळातला पैसा. तो मुख्यतः लँड नावाच्या पत्त्यांतून मिळतो, आणि एका खेळीत लँड एकच मांडता येतं. म्हणजे सगळं मनासारखं घडलं तरी ड्रॅगन सहाव्या खेळीला येणार. तोपर्यंत समोरचा माणूस काय करत बसेल, हा प्रश्न रुखवत मांडणाऱ्याला पडत नाही. त्याला पडणारा प्रश्न वेगळा असतो: अजून दोन ड्रॅगन कुठे बसवू? मग कुऱ्हाड लँडवर पडते. साध्या लँडवर डोंगर नाहीतर दलदल काढलेली असते, पराक्रम काहीच नसतो. सगळ्यांना पोसणाऱ्याचं नाव मानकऱ्यांच्या यादीत कधी येत नाही, हा न्याय इथेही चालतो.

या कुऱ्हाडीचा हिशेब मात्र कागदावर मांडता येतो. ६० पत्त्यांत २४ लँड असतील, तर पहिल्या सात पत्त्यांत एक किंवा शून्य लँड येण्याची शक्यता सुमारे १४ टक्के असते. तीच लँड १८ वर आणली की शक्यता ३१ टक्क्यांवर जाते. म्हणजे सहा देखणे पत्ते आत घेण्यासाठी दर तीन डावांतला जवळजवळ एक डाव सुरू होण्याआधीच संकटात टाकायचा. पहिला हात बदलता येतो हे खरं, पण बदलणाऱ्याला एक पत्ता कमी घेऊन खेळावं लागतं. इकडे २४ लँड असूनही पाच किंवा अधिक लँड हातात येण्याची शक्यता आठ टक्क्यांच्या वर राहतेच. मग ड्रॅगनसाठी पैसा उदंड होतो आणि ड्रॅगनच कुठे दिसत नाही.

एकसष्टाव्या पत्त्याचं प्रकरण याहून नाजूक आहे, कारण तो घेणाऱ्याची बाजू अगदीच लंगडी नाही. नियम किमान ६० म्हणतो, कमाल काही सांगत नाही. चार प्रती असलेला पत्ता पहिल्या सातांत निदान एकदा दिसण्याची शक्यता ६० पत्त्यांच्या डेकात जवळपास ४० टक्के असते, आणि ६१ च्या डेकात साधारण ३९.४. अर्धा टक्का! एवढ्यासाठी एका गुणी पत्त्याला दारातून परत पाठवायचं? हिशेब चोख आहे, फक्त तो एका पत्त्याचा आहे, आणि असे पत्ते एकेकटे येत नाहीत. एकसष्टाव्याला घेतलं की बासष्टावा विचारतो, माझ्यात काय कमी आहे? त्याला उत्तर नसतं, कारण कमी खरंच काही नसतं. डेक ८० चा झाला की ते ४० टक्के ३१ वर आलेले असतात, आणि कुणी कोणाला कधी आत घेतलं हे आठवतही नाही.

चांगले पत्ते आणि चांगला डेक या दोन निराळ्या गोष्टी आहेत याचा माझ्या दृष्टीने सर्वांत ठसठशीत पुरावा १९९६ सालचा आहे. अटलांटात, प्रो टूर या व्यावसायिक स्पर्धेसाठीच्या एका पात्रता स्पर्धेत, पॉल स्लाय नावाचा खेळाडू जे श्नायडर याने बेतलेला लाल रंगाचा डेक घेऊन बसला. त्यातली मंडळी पाहून कुणालाही हसू आलं असतं. आयर्नक्लॉ ऑर्क्स हा त्यातला एक पत्ता. याची ताकद दोन, आणि ज्याची ताकद दोन किंवा जास्त आहे त्याला आपण अडवणार नाही, असं त्याच्या पत्त्यावरच छापलेलं. इतका प्रांजळ सैनिक दुसरा नसेल. बाकीचे बटू आणि गॉब्लिन याच पंगतीतले, लोकांनी खोक्यांच्या तळाशी टाकून दिलेले. पण श्नायडरने पाहिलं होतं ते असं: पहिल्या खेळीला एक मॅना, दुसरीला दोन, तिसरीला तीन, आणि दर खेळीला ते सगळेच्या सगळे खर्च व्हावेत इतक्या मोजून-मापून त्या त्या किमतीचे पत्ते. समोरचा भारी पत्ते हातात धरून लँडची वाट पाहत असताना हे किरकोळ लोक रोज थोडंथोडं चावत राहतात. डेक दुसरा आला. स्लायच्या नावाने एक घराणंच सुरू झालं, आणि 'मॅना कर्व' हा विचार त्यानंतर कुठल्याही गंभीर डेकातून हलला नाही.

उलट बाजूचं उदाहरण नेक्रोपोटेन्सचं. १९९५ च्या 'आइस एज' संचातला हा काळा पत्ता. दर खेळीला फुकट मिळणारा पत्ता सोडायचा, आणि हवे तितके पत्ते एकेका प्राणाच्या मोबदल्यात विकत घ्यायचे. जीव देऊन पत्ते कोण घेईल, म्हणून अनेकांनी त्याला आधी मोडीत काढलं. पुढे ध्यानात आलं की शेवटचा प्राण सोडला तर बाकीचे एकोणीस खर्चायलाच असतात. १९९६ चा उन्हाळा या पत्त्याने इतका व्यापला की खेळाच्या इतिहासात तो काळा उन्हाळा म्हणूनच नोंदला गेला. त्याहून गमतीचा 'वन विथ नथिंग', २००५ चा. एक मॅना भरा आणि स्वतःच्या हातातले सगळे पत्ते फेकून द्या, एवढंच त्याचं काम. विनोद म्हणूनच लोकांनी तो पाहिला. आणि मग पुढच्याच वर्षी एक डेक गाजला, जो समोरच्याच्या हातात पत्ते कोंबून भरलेल्या हाताबद्दल मार देत असे. त्याच्यावर उतारा म्हणून हा फेकून देण्याचा पत्ता काहींनी आपल्या १५ राखीव पत्त्यांच्या साइडबोर्डमध्ये खरोखर ठेवला. एकट्या पत्त्याला किंमत नसते, शेजार पाहून ती ठरते.

यावर कुणी म्हणेल, सगळं नशीबच तर आहे, पत्ते पिसले की तुमचा हिशेब गेला. हे एका डावाबाबत खरं आहे. पण जर्मनीच्या काय बुडेने प्रो टूर सात वेळा जिंकली आहे. सातही वेळा नशीब एकाच माणसाला सापडत असेल, तर निदान त्याचा पत्ता तरी आपण विचारायला हवा. दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मी निमूटपणे मान्य करतो. ज्या पत्त्याची किंमत शंभर डॉलरच्या घरात जाते त्याच्या चार प्रती ही सर्वांच्या खिशाची गोष्ट नाही, आणि स्पर्धेत बहुतेकदा चारच लागतात. एवढंच सांगतो की महाग पत्ते विकत घेणारा सुद्धा त्यांचं रुखवत मांडू शकतो, आणि मांडतोच.

तिसरा आक्षेप जरा अवघड आहे. जिंकलेल्या डेकांच्या याद्या जाहीर होतात, मग डोकं कशाला शिणवायचं, उतरवून घ्यावी की यादी! घ्यावी, त्यात काही कमीपणा नाही. मात्र यादी म्हणजे त्या दिवशी त्या दालनात बसलेल्या लोकांना दिलेलं उत्तर असतं. फेब्रुवारी २०१६ च्या प्रो टूरमध्ये शेवटच्या आठांपैकी सहा जण एल्ड्राझी नावाचा डेक खेळत होते. मार्चमध्ये तो डेक ज्यांनी महागात जमवला, त्यांच्या डेकाचा कणा असलेलं 'आय ऑफ यूगिन' हे लँड एप्रिलमध्ये बंदी घालून काढून घेतलं गेलं. शिवाय नक्कल करणाऱ्याची खोड कुणी लक्षात घेत नाही. तो ५८ पत्ते इमानाने उतरवतो आणि उरलेल्या दोन जागी घरचे दोन बसवतो. वगळण्याची विद्या यादीबरोबर मिळत नाही.

शेवटी उरतो आनंदाचा प्रश्न. ड्रॅगन काढून टाकले, लँड मोजली, आवडते पत्ते खोक्यात परत गेले, मग खेळायचं कशासाठी? या खेळाचे मुख्य रचनाकार मार्क रोझवॉटर यांनी खेळाडूंचे तीन नमुने सांगितले आहेत: भव्य राक्षसांवर जीव टाकणारा टिमी, चमत्कारिक जोड्या जुळवणारा जॉनी आणि जिंकायला बसलेला स्पाइक. कंपनी पत्ते तिघांसाठीही काढते, त्यामुळे टिमीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बारा ड्रॅगन खुशाल खेळावेत. मात्र स्पर्धेचं शुल्क भरून त्याच बारा ड्रॅगनांसह स्पाइकसमोर बसायचं आणि मग नशिबाला बोल लावायचा, हे चालणार नाही.

आणि ज्यांच्याकडून काही केल्या एकही पत्ता वगळवत नाही, त्यांचीही सोय कंपनीने २००१ साली करून ठेवली आहे. 'बॅटल ऑफ विट्स' हा पत्ता मांडलेला असताना तुमच्या खेळीच्या सुरुवातीला गठ्ठ्यात २०० किंवा जास्त पत्ते शिल्लक असतील, तर तुम्ही तिथल्या तिथे जिंकता. अडीचशे पत्ते न्या, सगळ्या आवडत्यांना न्या. स्पर्धेच्या नियमांची अट एवढीच आहे की तो डेक तुम्हाला वाजवी वेळात, कुणाचीही मदत न घेता, स्वतःच्या दोन हातांनी पिसता आला पाहिजे.