गीझर बघून ठेवणारे

खालापूर तालुक्यात गीझर घेणाऱ्यांपेक्षा गीझर बघून ठेवणाऱ्यांची जमात मोठी असावी. या जमातीचा नमुना म्हणजे साठी ओलांडलेले गृहस्थ. रसायनी-खोपोली पट्ट्यातल्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि आयुष्य बॉयलरपाशी गेल्यामुळे उष्णतेच्या बाबतीत कुणाचं काही ऐकून न घेणारे. खोपोलीच्या बाजारातला दुकानदार त्यांना बघून हसतो, पण चहा मागवत नाही. थंडी पडली की त्यांचा प्रश्न ठरलेला: टाकीचा घ्यावा की बिनटाकीचा, म्हणजे इन्स्टंट? पळसदरीला लोकलमध्ये सुरू झालेली ही चर्चा खोपोलीला गाडी रिकामी होईपर्यंत चालते. संक्रांत उलटते, उकाडा सुरू होतो आणि विषय पुढच्या हिवाळ्यावर जातो. लोक त्यांना कंजूष म्हणतात, पण हा अन्याय आहे. पैसे त्यांनी केव्हाच बाजूला काढलेले असतात. अडचण एवढीच, की ते मोजतात पुष्कळ आणि मोजायचं ते सोडून.

त्यांचा सगळा भर वीजबचतीवर. टाकीतलं पाणी वापरलं नाही तर निवतं, पुन्हा तापवावं लागतं, म्हणजे पैसे पाण्यात, हा त्यांचा सिद्धांत, आणि तो खोटा नाही. पण 20 लिटरची बादली 20 अंशांवरून 40 अंशांवर न्यायला सुमारे अर्धा युनिट वीज लागते. गीझर टाकीचा असो, बिनटाकीचा असो, नाहीतर बादलीत रॉड सोडलेला असो. राहतो तो निवण्याचा तोटा. तो सोसावा लागतो गीझर दिवसभर चालू ठेवणाऱ्याला, आणि आमचे गृहस्थ तर बाथरूममधला माणूस बाहेर यायच्या आत दिवा मालवणारे! जी बचत शोधायला ते तीन हिवाळे माहितीपत्रकं चाळतात, ती त्यांच्या बोटात आधीपासूनच आहे.

मोजायचं होतं ते घर. आपल्याकडचा विजेचा इन्स्टंट गीझर बहुधा 3 किलोवॉटचा असतो. (बिनटाकीचा म्हणतात खरा, पण पोटात 1 किंवा 3 लिटरची टाकी दडलेली असतेच. ही बातमी गृहस्थांना हळूच सांगावी.) 3 किलोवॉटमध्ये मिनिटाला जेमतेम 2 लिटर पाणी 20 अंशांनी तापतं. त्यामुळे बादली भरायला नऊ-दहा मिनिटं लागतात, पण एकामागून एक कितीही बादल्या भरा, गीझर दमत नाही. 15 लिटरच्या टाकीत 60 अंशांचं पाणी असेल तर त्यात थंड मिसळून दीड बादली होते, आणि पुढच्याला 2 किलोवॉटच्या गीझरपुढे वीस मिनिटं टॉवेल गुंडाळून उभं राहावं लागतं. शॉवरचं गणित मात्र उलटं. मिनिटाला 8 लिटर पाणी सोडणाऱ्या शॉवरखाली हाच इन्स्टंट पाणी पाच अंशांनी तापवतो, म्हणजे थंड पाण्याची नुसती समजूत काढतो. तेव्हा खरा प्रश्न एकच, घरात बादली आहे की शॉवर? आणि हे घर बादलीचं आहे. इथेच इन्स्टंटच्या बाजूने निकाल लागायला हवा.

तो लागत नाही, कारण अमेरिकेतला भाचा. त्याच्याकडे भिंतीवरच्या बिनटाकीच्या पेटीतून अख्ख्या घराला गरम पाणी मिळतं. मिळेल. पण विजेवर चालणाऱ्या तसल्या पेट्या 18 ते 27 किलोवॉट खातात. तेवढा भार आपल्या मीटरवर टाकला तर पाण्याआधी वायर तापेल. गॅस गीझर? त्यात धार चांगली पडते, पण गच्चीवरच्या टाकीला लागून असलेल्या वरच्या मजल्यावर प्रेशर नसतं, त्यामुळे तो पुष्कळदा पेटतच नाही. पेटला तरी बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि माणूस हकनाक जातो. हा गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा. सोलर चांगला, पण घाटाच्या पायथ्याच्या या मुलखात पावसाचे चार महिने सूर्य रजेवर असतो.

उरतो त्यांचा हुकमी आक्षेप: टाकीत निदान साठा असतो, इन्स्टंटची वीज गेली तर? हा आक्षेप खोपोलीत बसून घ्यावा याची गंमत वाटते. 1915 पासून लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी पाइपांतून घाटाखाली खोपोलीला उतरवून वीज केली जाते, आणि सुरुवातीला ती मुंबईच्या गिरण्यांसाठी गेली. साठा कुठेतरी असतोच. घरातली टाकी काढली की तो घाटमाथ्यावर लागतो. वीज जाते हे खरंच. पण त्या दिवशी गॅसवर पातेलं ठेवायला कुणी बंदी केलेली नाही.

तोवर आंघोळ रॉडवर. बादलीच्या काठांवर आडवी लाकडी पट्टी, तिला अडकवलेला रॉड, आणि बोट बुडवून बघण्याआधी बटण बंद केलं का म्हणून आतून येणारी हाक. विजेच्या पर्यायांतला हा सर्वांत धोक्याचा, आणि तोच त्यांनी कुठलीही चौकशी न करता पत्करलेला. इन्स्टंटला 13 अँपिअर लागतात. त्याला 16 अँपिअरचा प्लग, चार स्क्वेअरची वायर, वेगळी एमसीबी आणि धड अर्थिंग हवं. बाथरूमच्या त्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या प्लगमागे काय आहे, हे मात्र आजवर कुणी उघडून पाहिलेलं नाही. वायरमनला सांगून ठेवलंय, असं ते म्हणतात. तो फोन उचलत नाही, यावर मात्र विश्वास ठेवायला हरकत नाही.