घर बघायला जुलैत या

कोल्हापुरात बदली होऊन येणाऱ्या माणसाने घर शोधताना सगळ्यात आधी अंतराचा हिशेब सोडून द्यावा. मुंबईचा माणूस स्टेशनपासूनची मिनिटं मोजतो, पुण्याचा माणूस वाटेतले सिग्नल मोजतो. इथं त्या सवयीचा काडीचा उपयोग नाही, कारण इथं सगळंच 'दहा मिनिटांवर' आहे. स्टँड दहा मिनिटं, अंबाबाईचं देऊळ दहा मिनिटं, रंकाळा दहा मिनिटं. विद्यापीठ टेकाडावर, म्हणून बारा. आणि तरीही शिवाजी पेठेतल्या माणसाला तुम्ही आर. के. नगरात जागा बघताय असं सांगून पाहा. तुम्ही सीमा ओलांडून कर्नाटकात निघालाय असा त्याचा चेहरा होतो. "एवढं लांब? मग गावात कधी येणार?"

2011 च्या जनगणनेत या शहराची वस्ती साडेपाच लाखांच्या आसपास होती. म्हणजे ओळखीचं माणूस भेटल्याशिवाय मंडई पार पडत नाही इतकं हे गाव लहान, आणि रोज नव्या गल्लीत वाट चुकावी इतकं मोठं. शिकायला, शिकवायला आणि उद्यमनगरातल्या कारखान्यांत कामाला बाहेरची माणसं इथं पूर्वीपासून येतातच. ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं, तेव्हापासून काळ्या कोटातले पाहुणेही येऊ लागले. त्यामुळे घर दाखवणाऱ्या एजंटाच्या बोलण्यात आता पहिल्या पाच वाक्यांत 'सर्किट बेंच' येतं आणि सहाव्यात भाडं.

एजंट निदान पैसे घेऊन सल्ला देतो. फुकट सल्ला देणारे जास्त, आणि त्या सगळ्यांचा सल्ला एकच: आमच्याकडं या. पेठेतला म्हणतो, "कॉलनीत काय आहे ओ? मेलं तरी शेजाऱ्याला कळत नाही." ताराबाई पार्कातला म्हणतो, "पेठेत शिंकलात तरी पाच जण औषध घेऊन येतात." कसबा बावड्याचा माणूस तर वादात पडतच नाही. शाहू महाराजांचा जन्म आमच्या बावड्यातला, एवढं सांगून तो गप्प बसतो. पुढं बोलायची तुमची प्राज्ञा नसते.

पेठेत घर घ्यायचं तर तालमीचा विचार आधी करावा. तालीम म्हणजे नुसती लाल माती नव्हे. गणपती, रक्तदान, भांडण मिटवणं आणि फुटबॉल ही सगळी खाती तिच्याकडे. हो, फुटबॉल. कुस्तीच्या या गावात तालमींचे फुटबॉल संघ आहेत, आणि शाहू स्टेडियमवर शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ असा सामना असला की दुकानदाराचं गिऱ्हाइकाकडे लक्ष नसतं. वर्ल्ड कपच्या वर्षी गल्लीच्या या टोकाला अर्जेंटिना आणि त्या टोकाला ब्राझील असते. मेसीचा कटआऊट तुमच्या खिडकीसमोर लागला, तर तो पुढचा महिनाभर तुमच्या घरात बघत असतो. ज्याला फुटबॉलमधलं काही कळत नाही त्यानेही गल्लीचा संघ विचारून ठेवावा. चुकीच्या पेठेत चुकीच्या गोलाला टाळी वाजवणं बरं नव्हे.

राजारामपुरी त्या मानाने हिशेबी. पहिली गल्ली, पाचवी गल्ली, आठवी गल्ली. पत्ता सांगताना कुठल्या महापुरुषाला मध्ये आणावं लागत नाही. कपडे, क्लास, दवाखाने, सगळं पायाशी. गाडी लावायला जागा मात्र त्याच पायाशी शोधावी लागते. रंकाळ्याकाठी घर म्हणजे संध्याकाळचा वारा आणि त्या वाऱ्याचं वेगळं भाडं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाऱ्याबरोबर आणखी काय काय येतं, ते घरमालक सांगत नाही.

देवळाजवळ जागा मिळाली तर अंबाबाईचा वरदहस्त, पण हात जोडायला येणारे नातेवाईक उतरणार तुमच्याकडे. महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळीच पोचते. "फक्त अंघोळ करून दर्शनाला जातो" असं म्हणत आलेली मंडळी जोतिबा, पन्हाळा, नरसोबाची वाडी आणि दोन ठिकाणची मिसळ उरकून तिसऱ्या दिवशी जातात. नवरात्रात तर नात्याची नवी शाखा उघडकीला येते.

या सगळ्या सल्लागारांत मला एकच नि:पक्षपाती वाटतो, तो म्हणजे पंचगंगेचं पाणी. त्याला कुठल्याच पेठेचा अभिमान नाही. राजाराम बंधाऱ्यापाशी 39 फूट झाले की इशारा, 43 फूट झाले की धोका, हे इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी येतं. जुलैत दोन माणसं भेटली की तब्येत नंतर. "राजारामला किती?" "सदतीस फूट चार इंच." "राधानगरीचे दरवाजे?" "दोन उघडलेत." मग चहा. 2005, 2019 आणि 2021 ही सालं इथं लग्नाच्या तारखांसारखी लक्षात आहेत. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं. सुतारवाड्यातली माणसं तर दरवर्षीच सामान बांधून तयार असतात. पण त्या वर्षी शाहूपुरीच्या काही गल्ल्या, नागाळा पार्काचा काही भाग, व्हीनस कॉर्नर, सगळीकडे होड्या फिरल्या. बंगलेवाल्यांना आणि चाळवाल्यांना एकाच नावेत बसवणं कुठल्या पुढाऱ्याला जमलं नव्हतं, ते पाण्याने केलं.

असंच एक तळमजल्याचं घर मी एका मित्रासाठी बघायला गेलो होतो. भाडं पटण्यासारखं, रंग ताजा, दारात पारिजातक. विचित्र एवढंच की घरातले सगळे प्लग पार डोक्याच्या उंचीवर. मोबाईल चार्जिंगला लावायचा तर तो हातात धरून उभं राहायचं. मालकांना विचारलं, तर म्हणाले, "लहान मुलांचा हात पोचू नये म्हणून." सुज्ञ विचार म्हणून मी मान डोलावली. पलीकडच्या अंगणात एक काकू कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी चिमटा दातातून काढला आणि भिंतीकडे हात करून म्हणाल्या, "तिथवर आल्तं की एकोणीसला." मालक पारिजातकाबद्दल बोलू लागले.

गंमत म्हणजे याच गावाला नळाच्या पाण्याची ओढ. 2019 च्या महापुरात उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली, आणि वेढलेल्या शहराला प्यायला टँकर आले. काळम्मावाडी धरणापासूनच्या थेट पाईपलाईनसाठी आंदोलनं करण्यात एक पिढी म्हातारी झाली. ते पाणी 2023 च्या दिवाळीत आलं. तरी घर बघताना नळाची वेळ विचारायची पद्धत गेलेली नाही, आणि जाऊही नये. पहाटे येतं की संध्याकाळी, वरच्या मजल्यावर मोटारीशिवाय चढतं का, हे विचारावं. मालकाला नव्हे, भाडेकरूला.

उरला हद्दीबाहेरचा पर्याय. पाचगाव, मोरेवाडी, उजळाईवाडी, उचगाव. जागा मोकळी, उंचावर, पूर येण्याची भीती नाही. 1972 साली महापालिका झाली तेव्हापासून हद्दवाढीची चर्चा चालू आहे. शहर म्हणतं आत या, गावं म्हणतात घरफाळा वाढेल, नको. त्यामुळे इथला माणूस पाहुण्यांना 'कोल्हापुरात राहतो' असं सांगतो आणि घरफाळा ग्रामपंचायतीत भरतो. यात कुणाची फसवणूक होत नाही, दोन्ही खरं असतं.

माझं मत विचाराल तर पेठ, पार्क, कॉलनी, कुठलीही निवडा. माणसं सगळीकडे सारखीच आहेत: आधी चौकशी करतील, मग जेवायला बोलावतील आणि तांबडा-पांढरा वाढताना पुन्हा चौकशी करतील. गल्ली कुठलीही असो, सहा महिन्यांत तुम्हीही नव्या माणसाला "कशाला तिकडं जाताय, आमच्याकडं बघा की" म्हणू लागाल. म्हणून सल्ल्यावर जाऊ नका, माझ्याही नाही. फक्त डिसेंबरात येऊन घर पसंत करू नका. डिसेंबरात कोल्हापुरातलं प्रत्येक घर चांगलं असतं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात या, जिना बघा, भिंत बघा, प्लग किती उंचावर आहेत ते बघा आणि शेजारच्या काकूंशी दोन शब्द बोला. येताना पायांत रबरी चपला घाला. कोल्हापुरी पाण्यात टिकत नाही.